पित्ताशय काढल्यानंतर पित्तनलिका अरुंद झाली आहे: स्टेंट घालावा की शस्त्रक्रिया करावी?

प्रश्न (तासगाव, जि. सांगली)

नमस्कार. खड्यांचा त्रास असल्यामुळे गेल्या वर्षी माझ्या आईचे पित्ताशय दुर्बिणीने काढले. त्यानंतर काही महिने प्रकृती उत्तम होती. पण दिवाळीनंतर तिच्या अंगाला खाज सुटू लागली आणि ती रात्री इतकी वाढते की पाठ खाजवण्यासाठी आई फणी उशाशी घेऊन झोपते. लघवी गडद होत होती, तेव्हा पाणी कमी पिते म्हणून असेल असे आम्हाला वाटले. डोळे पिवळे दिसल्यावर तपासण्या केल्या. रक्तात बिलिरुबिन (काविळीचे पिवळे रंगद्रव्य) ४.८ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडल्यावर वाढणारे विकर) ६१२, असे दोन्ही वाढलेले आले. एमआरसीपीच्या (पित्तनलिकांच्या एमआरआय तपासणीच्या) अहवालानुसार मुख्य पित्तनलिका दोन्ही शाखांच्या संगमापासून सुमारे अडीच सेंटीमीटर खाली अरुंद झाली असून वरच्या नलिका फुगल्या आहेत, खडा नाही.

मिरजेचे पोटविकारतज्ज्ञ ईआरसीपी (तोंडावाटे दुर्बीण नेऊन पित्तनलिकेवर उपचार) करून स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) घालू म्हणतात, तर नात्यातले एक सर्जन थेट नलिका आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. त्यातच शेजारच्या काकूंनी काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्या एका वैदूंचे नाव सुचवले आहे. कोणता मार्ग घ्यावा?

उत्तर १ (सांगली, पोटविकार विभागातील डॉक्टर)

आधी वैदूंचा विषय संपवतो. झाडपाल्याने बरी झालेली म्हणून सांगितली जाणारी कावीळ बहुधा विषाणूंमुळे झालेली असते आणि ती बहुतेकांत आपली आपणच ओसरते. तुमच्या आईंची कावीळ वाट अडल्यामुळे झालेली आहे. ती वाट मोकळी होईपर्यंत पोटात घेतलेल्या कोणत्याही पाल्याने उतरणार नाही आणि दरम्यान यकृतावरचा ताण मात्र वाढत राहील.

शस्त्रक्रियेच्या वेळी नलिकेला क्लिपचा चिमटा बसणे, विद्युत उपकरणाची उष्णता लागणे किंवा नलिकेचा रक्तपुरवठा दुखावणे, अशा कारणांनी तिथे हळूहळू व्रण तयार होतो. म्हणूनच त्रास कधी कधी महिन्यांनी, तर कधी वर्षांनी उघड होतो.

आता मुख्य प्रश्न. निर्णय दोन गोष्टींवर ठरतो: नलिका अखंड आहे का, आणि अरुंद भाग किती उंचीवर आहे. नलिका पूर्ण कापली गेली असेल किंवा क्लिपने पूर्ण बंद झाली असेल, तर दुर्बिणीतून घातलेली बारीक तार पलीकडे जातच नाही आणि शस्त्रक्रियाच करावी लागते. तुमच्या अहवालावरून नलिका अरुंद पण सलग दिसते आणि अरुंद भाग संगमापासून दूर, म्हणजे त्यातल्या त्यात सोयीच्या जागी आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी पहिला प्रयत्न ईआरसीपीने करतात: तोंडावाटे दुर्बीण नेऊन अरुंद भाग फुग्याने रुंद करतात आणि तिथे प्लास्टिकचे स्टेंट ठेवतात. हे स्टेंट साधारण तीन महिन्यांत गाळाने तुंबू लागतात, म्हणून दर तीन महिन्यांनी ते बदलतात आणि त्यांची संख्या शक्य तेवढी वाढवत नेतात. हा क्रम सुमारे वर्षभर चालतो. दुसरा पर्याय पूर्ण आवरण असलेल्या धातूच्या स्टेंटचा आहे. तो काही महिने ठेवून काढतात, त्यामुळे फेऱ्या कमी होतात. मात्र अरुंद भाग संगमाच्या अगदी जवळ असेल तर हा स्टेंट एका बाजूची शाखा बंद करू शकतो.

ईआरसीपी आधी करण्यामागे आणखी एक विचार आहे, तो सहसा कोणी समजावून सांगत नाही. ईआरसीपी अयशस्वी ठरली तरी शस्त्रक्रियेचा मार्ग खुला राहतो. पण नलिका एकदा आतड्याच्या वळशाला जोडली की नेहमीची दुर्बीण तिथवर पोहोचत नाही, आणि पुढे अडथळा आल्यास बरगड्यांखालून यकृतात सुई घालून उपचार करावे लागतात. म्हणून तुमच्या नात्यातल्या सर्जनांचे मत मी चूक म्हणणार नाही, फक्त ते पहिल्या पायरीचे मानणार नाही.

एक धोका समजून घ्या. ईआरसीपीनंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. पोटातील दुखणे पाठीकडे जाऊ लागले तर घरी थांबू नका. आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर तेही आधीच सांगा.

उत्तर २ (कऱ्हाड)

आमच्या घरी यजमानांची नलिका पूर्ण बंद झाली होती आणि तार पलीकडे गेलीच नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेवाचून पर्याय नव्हता. आम्ही घाई करत होतो, पण पोटात पित्त साचून जंतुसंसर्ग झालेला असल्यामुळे डॉक्टरांनी आधी नळीवाटे पित्त बाहेर काढले, सूज उतरू दिली आणि मगच जोडणी केली. तेव्हा ते थांबणे फार जड गेले. आज त्यामागचे कारण समजते. यजमान आता शेतात जातात, मात्र यकृताच्या रक्ततपासण्या ठरावीक काळाने होतात, कारण जोडलेली जागाही पुढे अरुंद होऊ शकते. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर अशा जोडण्या नेहमी करणाऱ्या यकृत-पित्त शल्यविशारदांकडेच जा, त्यासाठी पुण्याला जावे लागले तरी हरकत नाही.

उत्तर ३ (सातारा, एन्डोस्कोपी विभागातील परिचारिका)

उपचारापेक्षा मला स्टेंटच्या तारखेची काळजी अधिक वाटते. स्टेंट बसला, खाज थांबली, डोळे पांढरे झाले, की आता काय झाले आहे असे म्हणून रुग्ण ऊसतोडीला किंवा लेकीच्या बाळंतपणाला जातात आणि थेट थंडी वाजून ताप आल्यावर परततात. तेव्हा स्टेंट गाळाने पूर्ण तुंबलेला असतो, कधी त्याच्याभोवती खडेही धरलेले असतात. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा प्रकार, संख्या आणि बदलण्याची तारीख लिहून घ्या व त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. हुडहुडी भरून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि कावीळ यांतले काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठा. पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद आणि एमआरसीपीची सीडीही सोबत न्या. केवळ अहवालाचा कागद पुरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ईआरसीपी करण्याचे ठरवत आहोत. दोन शंका उरतात: वर्षभराच्या फेऱ्यांचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसेल का, आणि पोटात क्लिप असताना एमआरआय पुन्हा करता येईल का?

उत्तर १ (पुन्हा)

पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या क्लिप सहसा टायटॅनियमच्या असतात आणि त्यांचा एमआरआयला अडथळा होत नाही. तरी तपासणीआधी तंत्रज्ञांना सांगा. योजनेबाबत ज्या रुग्णालयात उपचार घेणार आहात तिथल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) शिधापत्रिका व आधार घेऊन जा आणि पहिल्या ईआरसीपीबरोबरच पुढच्या स्टेंटबदलांचीही मंजुरी मिळते का, हे दाखल होण्याआधी विचारा.