खोक्यावरच्या वेगापेक्षा गिअर बघा

रिमोटवर चालणारी खेळातली गाडी कोणती घ्यावी, या प्रश्नावर वर दोघांनी ताशी ६० किमीचा आकडा पाहून डब्ल्यूएलटॉइज १४४००१ ही गाडी सुचवली आहे. जरूर घ्या, पण वेगासाठी नको. चारही चाकांना ड्राइव्ह, धातूची चॅसी, बॉल बेअरिंग आणि तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर एवढ्या कमी पैशांत १:१४ आकारात (खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढ्या) मिळतात, हे मला फार मोलाचं वाटतं. वेग काय, मोकळं मैदान मिळालं तरच कामाचा.

खोक्यातून काढली की लगेच पळवू नका. आधी पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला जुळणारा मोठा गिअर) तपासा. मोटरचे स्क्रू सैल करा, दोन्ही गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर हलकेच दाबून स्क्रू आवळा आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढा. कागदावर दात्यांचे ठसे उमटले पण तो फाटला नाही, म्हणजे जमलं. फार घट्ट बसलं तर मोटर तापते, सैल राहिलं तर प्लास्टिकच्या स्परचे दाते उडतात. डिफरन्शियल (डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) उघडून आत ग्रीस पुरेसं आहे ना, हेही बघून घ्या.

दाट गवतात एवढीशी गाडी अडकते, मातीच्या मैदानात मात्र मस्त पळते. बॅटरी दोन सेलची, ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम पॉलिमर) आहे. प्रति सेल ३.३ व्होल्टच्या आसपास आली की थांबा. त्यासाठी स्वस्तातला व्होल्टेज अलार्म गाडीसोबतच मागवा, शिवाय एक जादा स्पर आणि पुढचे सस्पेन्शन आर्म (चाकं चॅसीला जोडणारे दांडे).