मदत हवी आहे: नवऱ्याच्या छातीचा सीटी करावा की नको?

सोनचाफा:
घाईत लिहितेय. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी नवऱ्याच्या छातीचा लो डोस (कमी रेडिएशनचा) सीटी करायचा होता, इन्शुरन्सवाले म्हणतात नियमात बसत नाही. पदरचे पैसे घालून करावा का? बेसमेंटमध्ये रेडॉन (किरणोत्सारी वायू) ९ आलाय, त्यात आणखी सीटीचं रेडिएशन! सासूबाई तर नकोच म्हणतात. कुणी केलाय का?

गप्पिष्ट:
९ काय? एकक कुठलं, पिकोक्युरी की बेक्वेरेल? बेक्वेरेल असतील तर निवांत झोपा. राहता कुठे, त्यांचं वय काय, सिगारेट?

सोनचाफा:
पिकोक्युरीच. पेनसिल्व्हेनिया. वय ५२, दिवसाला दहा सिगारेटी, तीस वर्षं. दिवाळीपासून बंद.

खडूस_काका:
४ पिकोक्युरीला दुरुस्ती करा असं ईपीए (अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था) सांगते, तुमचं दुपटीच्या वर. सीटी राहू दे, आधी रेडॉन बाहेर काढायला पाइप-पंखा बसवा. तुमच्याच राज्यात १९८४ साली लिमरिकच्या अणुप्रकल्पातल्या एका माणसामुळे रेडिएशनचा अलार्म वाजत होता. प्रकल्प तेव्हा सुरूही झाला नव्हता, गडी रेडॉन घरून अंगावर घेऊन येत होता!

तुळस:
ओटा ग्रॅनाइटचा आहे का? आम्ही काढून टाकला.

निमा_ओहायो:
ओट्याचं काय मध्येच? रेडॉन मुख्यतः जमिनीतून येतो.
मी सीटी विभागातच काम करते. लो डोस म्हणजे साधारण दीड मिलिसिव्हर्ट (अंगावर येणारं रेडिएशन मोजायचं एकक). अमेरिकेत माणूस काही न करता वर्षाला तीनेक घेतो, त्यामुळे ती भीती सोडा. इन्शुरन्सचं गणित असं: रोजची पाकिटं (एका पाकिटात २० सिगारेटी) गुणिले वर्षं, म्हणजे पाकीट-वर्षं. अर्धं पाकीट गुणिले ३० म्हणजे १५. हवेत २०.

सोनचाफा:
पण त्याचे मामा ५६ व्या वर्षी याच रोगाने गेले. महिनोन्महिने खोकल्याची औषधंच देत होते. सासूबाई म्हणतात, काळ्या माणसाचं दवाखान्यात ऐकतं कोण.

गप्पिष्ट:
काळ्या म्हणजे?

सोनचाफा:
अहो, नवरा आफ्रिकन अमेरिकन आहे. लग्नाबद्दल इथेच धागा काढला होता की!

निमा_ओहायो:
हे आधी सांगायचं ना! ब्लॅक पुरुषांना कमी सिगारेटी ओढूनही हा कॅन्सर होतो, तोही कमी वयात. स्क्रीनिंगचा २०१३ चा नियम वय ५५ आणि ३० पाकीट-वर्षं असा होता, त्यात ही मंडळी मोठ्या संख्येने बाहेर राहायची. २०२१ ला ५० आणि २० केलं. दरी कमी झाली, बुजली नाही. निदान उशिरा होतं, ऑपरेशनही कमी जणांचं होतं.

खडूस_काका:
प्रत्येक गोष्टीत वर्ण आणलाच पाहिजे का? फुप्फुसं सगळ्यांची सारखी.

निमा_ओहायो:
काका, ज्या मोठ्या चाचणीवर हे नियम उभे आहेत तिचे निकाल २०११ ला आले. लोक ५३ हजारांवर, त्यात ब्लॅक साडेचार टक्क्यांच्या आसपास. आता बोला.

अल्बुकर्ककर:
आमच्याकडे युरेनियमच्या खाणीत नवाहो (इथले मूळ रहिवासी) लोक राबले, रेडॉन फुप्फुसात गेला. भरपाईचा कायदा व्हायला १९९० उजाडलं.

गप्पिष्ट:
त्यासाठी वेगळा धागा काढा. सोनचाफा, त्यांना खोकला वगैरे आहे का?

सोनचाफा:
तो आहेच ना, दोन महिने. ॲलर्जी म्हणाले. मागच्या आठवड्यात थुंकीत थोडं रक्त दिसलं.

निमा_ओहायो:
अहो!! मग हे स्क्रीनिंग नव्हेच. पाकीट-वर्षांचा नियम लक्षणं नसलेल्यांसाठी. इन्शुरन्स सोडा, आजच डॉक्टरांना फोन करा आणि पहिल्याच वाक्यात "थुंकीत रक्त" म्हणा. मामांचं आणि रेडॉनचंही सांगा. ते लिहून देतील तो सीटी करा, लो डोसवर अडू नका. पुन्हा रक्त जास्त आलं किंवा धाप लागली तर सरळ इमर्जन्सी.

सोनचाफा:
लावते फोन.

तुळस:
ओट्याचं राहिलंच.