कायमोट्रिप्सिन: जड पाण्यात वेग ६.४ पटीने कमी. कारण लो-बॅरियर हायड्रोजन बंध?

केगावचा_विद्यार्थी:
नमस्कार. सोलापुरात कायमोट्रिप्सिन या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमवर एमएस्सीचा प्रकल्प चालू आहे. सबस्ट्रेट (एन्झाइम ज्याला तोडतं तो पदार्थ) पॅरा-नायट्रोफेनिल अॅसिटेट, तुटल्यावर पिवळं नायट्रोफेनॉल सुटतं, ५० मिलिमोलर फॉस्फेट, २५ अंश, मोजणी ४०५ नॅनोमीटरला. साध्या पाण्यात पीएच ७.५, जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) पीडी, म्हणजे तिथला पीएच, ७.५ (मीटरवर ७.१, त्यात ०.४ मिळवून). सुरुवातीची उसळी ओसरल्यावरचा वेग जड पाण्यात ६.४ पटीने कमी दिसतो. अपेक्षा २ ते ३ ची होती. एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या हिस्टिडिन ५७ आणि अॅस्पार्टेट १०२ या अमिनो आम्लांनी जवळपास सारखाच वाटून घेतलेल्या प्रोटॉनमुळे, म्हणजे लो-बॅरियर बंधामुळे, असं होतंय का?

बफरवाला:
आधी आकडा साफ करा. जड पाण्यात पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन सोडतात तो) साधारण अर्ध्या एककाने चढतो, आणि तो तुम्हाला दोनदा नडलाय.

एक, रंग. नायट्रोफेनॉलचा पीकेए ७.१५ वरून ७.७ च्या आसपास जातो. पिवळं असतं ते प्रोटॉन सोडलेलं रूपच, म्हणजे ७.५ ला साध्या पाण्यात ६९ टक्के पिवळं, जड पाण्यात जेमतेम ३९. इथेच १.८ पट फरक पडला. दोन, हिस्टिडिन ५७. त्याचा पीकेए ७ वरून ७.५ धरला तर कामाचं (हिस्टिडिनवर जादा प्रोटॉन नसलेलं) एन्झाइम ७६ टक्क्यांवरून ५० वर येतं, म्हणजे आणखी दीडपट. दोन्ही काढून टाका, ६.४ चे २.४ उरतात.

मोजणी ३४८ नॅनोमीटरला घ्या. तिथे दोन्ही रूपं सारखाच प्रकाश शोषतात. जड पाण्यातलं बफर मीटर बघून जुळवू नका, दोन्हींत क्षारांची वजनं तीच ठेवा. एन्झाइम न घालताचा वेग दोन्हींत वेगळा मोजून वजा करा.

केगावचा_विद्यार्थी:
धन्यवाद. २.४ खरा धरला, तर लो-बॅरियरबद्दल काही म्हणता येईल?

प्रोटॉन_मोजणी:
नाही. या सबस्ट्रेटला डीअॅसिलेशन (एन्झाइमला चिकटलेला अॅसिटिल गट पाण्याने सुटण्याची पायरी) मंद असतं, त्यामुळे दिसणारा प्रोटॉन मुख्यतः हल्ला करणाऱ्या पाण्याकडून हिस्टिडिनकडे जाणारा. १९९४ पासूनचा वाद अॅस्पार्टेटकडच्या बंधाचा आहे. त्या प्रोटॉनचा एनएमआर संकेत १८ पीपीएमजवळ येतो. बंध मजबूत आहे एवढं त्यातून कळतं. त्याने उत्प्रेरणाला किती ऊर्जा पुरवली, हे त्यावरून ठरत नाही.

तुमच्या हातात आहे ती प्रोटॉन इन्व्हेंटरी, म्हणजे त्या पायरीत किती प्रोटॉन हलतात याची मोजदाद. दोन्ही बफर मिसळून जड पाण्याचा अंश ०, ०.२५, ०.५, ०.७५, १ करा. एकच प्रोटॉन असेल तर ०.५ ला वेग ०.७१ येईल (साध्या पाण्यात १ धरून). सारखे दोन असतील तर ०.६८. फरक चार टक्क्यांचाच, म्हणून प्रत्येक बिंदू किमान पाचदा घ्या. चूक दोन टक्क्यांवर गेली की रेष सरळ की वाकडी हे सांगताच येणार नाही.

बफरवाला:
उन्हाळ्याचं एक. कुणी फॉस्फेटऐवजी ट्रिस (दुसरं एक बफर) सुचवलं तर सोलापूरच्या मे महिन्यात जपून: ३८ अंशांच्या खोलीत ७.५ ला जुळवलेलं ट्रिस २५ अंशांच्या क्युव्हेटमध्ये ७.८६ होतं. फॉस्फेट त्या मानाने जागचं हलत नाही. आणि जड पाण्याची बाटली पावसाळ्यात उघडी ठेवू नका, हवेतली ओल ओढून घेते.