मदत हवी आहे: एकटा आयटीवाला सोडून गेला, सर्व्हर-फायरवॉल सगळं माझ्या गळ्यात

नमस्कार मंडळी. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे, ११ वर्षं झाली. गाड्यांचे पार्ट बनवतो, माणसं १४० च्या आसपास, कॉम्प्युटर ३८. एवढ्या सगळ्याला आयटीचा माणूस एकच, तो दिवाळीनंतर पुण्याला गेला, डबल पगार मिळाला, त्याला तरी काय बोलणार, इथे टोनर संपला तरी त्यालाच हाक आणि रात्री दोनला सर्व्हर बसला तरी त्यालाच फोन. शेठ म्हणाले, ताई नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा, तुम्हाला टॅली येतं ना. टॅली येतं म्हणजे फायरवॉल (इंटरनेटवरून येणारे हल्ले अडवणारी यंत्रणा) पण येणार असं काहीतरी गणित असावं.

चार महिने झाले, मुलाखतीला ९ जण आले. ज्यांना काम येतं त्यांना पुणे-मुंबई पाहिजे, आणि जे आमच्या पगारात यायला तयार आहेत त्यांना विंडोज टाकण्यापलीकडे काही येत नाही. एएमसीवाला (वार्षिक देखभालीच्या करारावरचा बाहेरचा माणूस) मंगळवारी येतो, तासभर बसतो, चहा पितो, जातो.

सोडून जाताना आयटीवाल्याने पासवर्डची वही दिली होती. २०० पानी वही, लिहिलेली पानं दोन. फायरवॉलचा पासवर्ड तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलाय आणि तो चौथा पण चालत नाही. फायरवॉलचं लायसन जानेवारीत संपलं, रिन्यूअलच्या सहा मेल आल्या होत्या पण सगळ्या त्याच्याच आयडीवर, तो आयडी उघडतंय कोण. आणि मागच्या आठवड्यात एएमसीवाल्याच्या शेजारी बसून लॉग (कोण कधी आत आलं त्याच्या नोंदी) बघितले तर या गेलेल्या माणसाच्या नावाने व्हीपीएनवर (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) लॉगिन, रात्री १ वाजून ५० मिनिटं. पोटात गोळाच आला. मग तो एएमसीवाला हसत म्हणतो, अहो मॅडम मीच होतो, माझं वेगळं अकाउंट कुणी बनवलंच नाही.

त्यात मोठ्या कस्टमरने सायबर सिक्युरिटीचा फॉर्म पाठवलाय, ७४ प्रश्न, माहिती सुरक्षा प्रमुखाची सही पाहिजे. तिथे काय माझं नाव लिहू? मार्च एंड तोंडावर आलाय, पहिलं काय करू ते सांगा. आणि शेठला कसं पटवू, ते म्हणतात चालतंय ना सगळं.

सातपूरकर: ताई, ते व्हीपीएन अकाउंट आज बंद करा, उद्या नको. एएमसीवाल्याला त्याच्या नावाचं वेगळं द्या आणि ओटीपी लावा. गेलेल्या माणसाच्या मेल आयडीवर येणाऱ्या मेल तुमच्याकडे वळवा. दुसरं, कंपनीचं डोमेन (वेबसाइट-मेलचं नाव) कुणाच्या नावावर आहे ते बघा, आमच्याकडे एकाच्या पर्सनल जीमेलवर निघालं होतं. आणि त्या मुलाला सरळ फोन करा, प्रेमाने. पुण्यालाच गेलाय ना, एक रविवार बोलवा, येण्याजाण्याचे आणि दिवसाचे पैसे द्या आणि वही पूर्ण करून घ्या.

गोदाकाठ: चालतंय ना हेच आमचे मालक म्हणायचे. सिन्नरला होतो मी तेव्हा. वॉनाक्राय या फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसवरचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, व्हायरस पसरला मे महिन्यात, तरी जगभर लाखो मशीन गेल्या. आमच्याकडे पण तसंच, अपडेट येऊन पडलेलं पण लावायला माणूस नव्हता, दोन वर्षं जागा रिकामी. शनिवारी रात्री सगळ्या फाइली लॉक, सोमवारी सकाळी स्टोअरवाला हाताने चलन लिहीत बसलेला, कार्बन पेपर कुठे मिळतो म्हणून पोऱ्याला मेनरोडला पाठवलं होतं. आठ दिवस असं चाललं. तुमचा सर्व्हर कुठला आहे? २०१२ वाला असेल तर त्याचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलाय. आणि बॅकअप रिस्टोर करून बघा, नुसती हिरवी टिक बघू नका.

थंडवारा: अजून एक शेठच्या कानावर घाला. सर्ट-इनच्या (सायबर हल्ल्यांसाठीची सरकारी संस्था) २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा प्रकार कळल्यापासून ६ तासात त्यांना कळवायचं असतं, लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन. आता हे ६ तासात करणार कोण, नाव सांगा म्हणावं. तयार माणसाची वाट बघत बसू नका, हा तुटवडा सगळ्या जगात आहे, आयएससी-टू या सायबर सुरक्षावाल्यांच्या संघटनेच्या २०२४ च्या अंदाजात सुमारे ४८ लाख माणसं कमी होती, त्यातला एक अंबडला कशाला येईल. डिप्लोमावाला मुलगा अप्रेंटिस घ्या, आणि मेंटेनन्समधला एखादा चौकस पोरगा सोबत द्या. दोघं पाहिजेत, एक गेला तर दुसऱ्याला माहीत असतं. रात्रीचं लक्ष आणि फायरवॉल बाहेरच्यांना महिन्याच्या पैशावर द्या, पण अॅडमिन पासवर्ड बंद पाकिटात शेठच्या तिजोरीत.

मूळ धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. व्हीपीएन बंद केलं. डोमेन खरंच त्याच्या जीमेलवर होतं, बिचाऱ्याने फोनवरच ट्रान्सफर करून दिलं. रविवारी येऊन गेला, माझ्याकडे जेवला, १४ पानं लिहून दिली. फायरवॉलचा पासवर्ड वहीत बरोबरच होता, शेवटचा आकडा १ नसून इंग्रजी एल.

पण बॅकअप. काल जुन्या लॅपटॉपवर टॅली रिस्टोर केलं तर शेवटची एंट्री २३ ऑगस्टची. डिस्क भरली होती, टिक मात्र रोज हिरवी. म्हणजे तो असतानाच बंद पडलेलं, त्यालाही बघायला वेळ नव्हता. लॅपटॉप तसाच उचलून शेठच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं यात दिवाळीचा बोनस शोधून दाखवा. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. दोन डिस्कची पीओ संध्याकाळी सही झाली, एक कपाटात राहणार वायर काढून. अप्रेंटिसला पण हो म्हणालेत, मेंटेनन्सचा मुलगा द्यायला मात्र प्रॉडक्शनवाले भांडतायत.

आता त्या फॉर्ममध्ये ५२ व्या प्रश्नावर अडलेय, इन्सिडेंट रिस्पॉन्स टीममध्ये (हल्ला झाला तर निस्तरणारी माणसं) किती जण आहेत. कुणी भरलाय का असा फॉर्म? खरं लिहिलं तर ऑर्डर जाते का?