हॉर्न सौम्य करायचाय पण ऐकूही गेला पाहिजे, काय करू?

मंडळी, मी सावद्याचा, केळीच्या कामामुळे पहाटे साडेचारला गाडी काढावी लागते आणि आमची गल्ली जुन्या गावातली, वळणावर समोरचं काही दिसत नाही, उन्हाळ्यात तर अर्धी गल्ली खाटा टाकून बाहेरच झोपलेली असते. मागच्या महिन्यात जुना हॉर्न बसला म्हणून मेकॅनिकने चपट्या हॉर्नची जोडी टाकून दिली. आवाज असा कर्कश की शेजारच्या आजी म्हणतात, "भाऊ, छातीत धस्स होतं रे." दोनातला एक काढला तर चालेल का? एकाने सांगितलं तोंडाला फडकं कोंब. पासिंगला अडचण येईल का तेही सांगा.

तापीकाठचा: फडकं अजिबात नको भो, पावसाळ्यात पाणी धरेल आणि पडदा गंजेल. चपट्या हॉर्नमध्ये पातळ पत्रा थरथरतो, मूळ सूर चारपाचशे हर्ट्झचाच असतो पण त्याच्यावर बारीक तिखट आवाज भरपूर चढतात, आणि दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आपला कान सगळ्यात तल्लख, म्हणून तो डोक्यात जातो. वळलेल्या कर्ण्याचा विंडटोन घ्या, तोच जोर पण आवाज भरदार लागतो. घाई असेल तर जोडीतला 'हाय' म्हणजे बारीक सुराचा सोडून नुसता 'लो', जाड सुराचा, ठेवा. मागचा स्क्रू मात्र फिरवत बसू नका, तो करंट सेट करायला असतो, आवाज कमी करायला नाही.

धुळेकर: पासिंगचं म्हणाल तर गाडीवरचा हॉर्न ९३ ते ११२ डेसिबलमध्ये हवा, फार मवाळ केला तरी नापास. सूर बदलणारे म्युझिकल हॉर्न चालत नाहीत. गडकरींनी २०२१ मध्ये बासरी-तबल्याच्या आवाजाचे हॉर्न काढू म्हटलं होतं, पण बायपासवरचे ट्रकवाले प्रेशर हॉर्न सोडतील तेव्हा खरं! आणि साहेब, रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ हॉर्नच वाजवायचा नसतो, रात्रीची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. साडेचारला वळणावर डिपर द्या, गाडी पायी चालल्यासारखी काढा.

धागाकर्ता: डिपर पटला, पण खाटेवरच्यांच्या डोळ्यात लाईट जातो त्याचं काय? 😅 विंडटोन बघतो. जुन्या गाडीला रिले (हॉर्नला बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) लागेल का, की आहे त्याच वायरवर चालेल?

तापीकाठचा: रिले टाकाच, विंडटोन करंट जास्त ओढतो, नाहीतर स्टिअरिंगमधलं बटण जळेल.