जपानी तलवारीची जाळीदार लोखंडी त्सुबा: लेझरवर कापली पण जीव नाही, कुठं चुकतंय?

उद्यमबाग_फिटर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत एका जॉबवर्क शॉपमधे आहे, लेझर कटिंग आणि व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) दोन्ही बघतो. गेल्या खंडेनवमीला आजोबांची तलवार पुसायला काढली होती, मूठ थोडी हलायली होती म्हणून ती कशी बसवलेली असती ते शोधायला लागलो आणि शोधता शोधता जपानी तलवारीवर जाऊन पोचलो. तिथं ही त्सुबा दिसली. पातं आणि मूठ यांच्या मधी बसणारी चकती, हात पुढं घसरून पात्यावर जाऊ नये म्हणून, साधारण साडेसात-आठ सेंटिमीटर व्यास आणि चार-पाच मिलिमीटर जाडी. त्यात ती नुसत्या लोखंडाची, आरपार जाळी कापलेली असती, सोनं नाही चांदी नाही, त्याला सुकाशी म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवर मोठे मोठे फोटो फुकट बघायला मिळतात, मी रात्री दोन दोन वाजेपर्यंत झूम करून बघत बसलोय. एका चकतीत उडणारे बगळे, दुसऱ्यात नुसतं गवत आणि चंद्र, आणि ते सगळं काळ्या लोखंडात.

मग मी पण एक केली. कॅडमधे जोंधळ्याची दोन कणसं काढली, खालून वर वाकून एकमेकांकडं तोंड केलेली, ५ मिमी एमएस (साधं मऊ पोलाद) प्लेटमधे लेझरवर कापली, चार मिनिटात पार्ट हातात. पण ठेवून बघितलं तर गॅसकेटसारखी (इंजिनात पॅकिंगला घालतात ती चकती) दिसायली. सपाट, मेलेली. मग मिठाच्या पाण्यात ठेवून गंज चढवला तर तो नारिंगी भुकटीसारखा आला, बोट लावलं की बोटाला लागतोय, आणि काही ठिकाणी चढलाच नाही, चट्टे चट्टे राहिले. जुन्या कामात जो काळा-जांभळट रंग असतो तो कसा येतो? आणि रंगाचं सोडा, आकार तोच असून त्यांचं काम जिवंत आणि माझं मेलेलं का दिसतंय? डिझाइन चुकलंय का मटेरियल का कटिंग? फोटो टाकलाय. कुणी यातलं जाणकार असेल तर सांगा, मनापासून विचारतोय.

खानापूर_लोहारसाळ

बाळा तुझा फोटो बघितला. कणसं चांगली काढलीस. पण प्लेट मिलची आहे, दोन रोलरमधनं निघालेली, ती सगळीकडं सारखीच असणार. मशीनवर लाटलेली पोळी आणि हातावर थापलेली भाकरी यात जो फरक, तोच हितं आहे बघ. थापलेल्या भाकरीला बोटं उमटतात, कड कुठं जाड कुठं पातळ, म्हणून तर ती भाकरी दिसती.

आमचं घराणं लोहारकामाचं, आता साळ बंद आहे पण भाता ऐरण सगळं ठेवलंय. जपानी लोकांचं मी बरंच बघितलंय कारण त्यांचं आणि आमच्या जुन्या लोकांचं काम एका बाबतीत सारखं आहे, लोखंड आधी घडवायचं आणि मग कापायचं. त्यांच्याकडं नदीकाठची काळी लोखंडी वाळू कोळशात भट्टीला घालून लोखंड काढायचे, ते सगळीकडं सारखं कधीच निघत नाही, कुठं कार्बन जास्त कुठं कमी. मग ते तापवून घडी घालून पुन्हा पुन्हा ठोकायचे. अशा चकतीच्या कडेला वर्षं गेली की मऊ भाग झिजतो आणि कडक भाग गाठीसारखा वर राहतो, त्याला ते तेक्कोत्सु म्हणतात, म्हणजे लोखंडाची हाडं. ओवारी आणि कानायामा म्हणून त्सुबाच्या ज्या शैली सांगतात त्यात ही हाडं कडेला स्पष्ट दिसतात, बघणारा आधी तिथंच बोट फिरवतो. तुझ्या मिलच्या प्लेटमधे हाड कुठनं येणार?

जुन्या बैलगाडीची धाव, म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, मिळाली तर बघ, खरंच जुनी पाहिजे, हल्लीची नको. तोडून बघितलीस तर आत लाकडासारख्या रेषा दिसतील, ते घडीव लोखंड. तसं मिळालं तर तुकडा लाल करून टाकणखार (बोरॅक्स) टाकून घडी घालायची, पांढरट पिवळा होईपर्यंत तापवायचा आणि घण मारायचा, पण पहिला घाव हलका, नाहीतर टाकणखाराचा रस अंगावर उडतो. सहा मिमीला आणून ठेव. लेझर मात्र नको. ठोकलेल्या चकतीला मशीननं भोकं पाडणं मला तरी पटत नाही, छन्नीनं काप.

मुठीचं म्हणशील तर आपली तलवारीची मूठ गरम लाख घालून पात्याला कायमची बसवतात, हलली तर लाख परत तापवावी लागती. त्यांची एका बांबूच्या खुंटीवर असती. खुंटी काढली की मूठ, त्सुबा, दोन्ही बाजूची तांब्याची पातळ चकती सगळं हातात येतं. म्हणून त्सुबा बदलता येते आणि एका तलवारीला दोन-तीन त्सुबा ठेवायचे.

शहापूरची_चित्रकलाबाई

मी शाळेत चित्रकला शिकवते, जपानी काम बऱ्याच वर्षांपासून जमवते (फोटोच, वस्तू नाहीत). फिटर, तुझं डिझाइन वाईट नाही पण तू एक गोष्ट विसरलास, ती सांगते.

सुकाशीत दोन रीती आहेत. एकात आकार कापून काढतात आणि पोकळी म्हणजे चित्र, त्याला कागे-सुकाशी म्हणतात, कागे म्हणजे सावली. दुसरीत आजूबाजूचं सगळं काढून टाकतात आणि उरलेलं लोखंड म्हणजे चित्र, ती जी-सुकाशी. तू दुसरी निवडलीस, ती अवघड आहे. रांगोळीचा छापा कापताना बघ, मधला तुकडा कुठंतरी जोडून ठेवला नाही तर पडून जातो. इथं पण प्रत्येक कणीस, प्रत्येक पान कडेला नाहीतर मधल्या अंडाकृती भागाला धरलेलं पाहिजे. तू काय केलंस, कणसं काढलीस आणि मग ती पडू नयेत म्हणून चार सरळ दांड्या जोडल्यास. त्या दांड्यांनी गॅसकेट झालं. चांगल्या कामात जोड हाच चित्राचा भाग असतो. बगळ्याचा पंखच कडेला टेकतो. जोंधळ्याचं पान वाकतं ना वाऱ्यानं, ते पान कडेला टेकव, दांडी काढून टाक.

आणि मधल्या पात्याच्या भोकाच्या दोन बाजूंना जी छोटी भोकं असतात ती तू शोभेची समजून गोल केलीस. ती शोभेची नाहीत. म्यानाच्या खिशात एक छोटी सुरी आणि एक केसात खोचायच्या काट्यासारखी वस्तू असायची, त्यांचे दांडे त्या भोकांतून वर यायचे. एकाचा आकार अर्धचंद्रासारखा, दुसऱ्याची बाहेरची बाजू तीन पाकळ्यांसारखी. कारागीर ती भोकं पण चित्रात गुंफतो, त्यामुळे कळतच नाही की काम कुठं संपलं आणि चित्र कुठं सुरू झालं.

सुरुवातीला जोंधळा नको असं माझं मत. मियामोतो मुसाशी, तोच प्रसिद्ध तलवारबाज, १६४० मधे कुमामोतोला तिथल्या होसोकावा सरदार घराण्याकडं आला आणि १६४५ मधे तिथंच गेला. त्याच्या नावानं एक त्सुबा सांगतात, डावीकडं उजवीकडं समुद्रकाकडीच्या (काकडीसारखा दिसणारा समुद्री जीव) आकाराच्या फक्त दोन मोठ्या पोकळ्या, बस. दोन पोकळ्या आणि उरलेलं लोखंड. त्यात लपायला जागाच नाही, कड कुठं फुगते आणि कुठं आवळते एवढंच सगळं आहे. ती करून बघ, मग जोंधळ्याकडं ये.

त्याच भागात, म्हणजे हिगोत, १७व्या शतकात हायाशी माताशिची होऊन गेला, तो मुळात बंदुका करणारा. होसोकावा सान्साई हा तिथला मोठा सरदार, जपानी चहाविधीचा मोठा गुरू सेन नो रिक्यू, त्याचा शिष्य, त्यामुळे तिथल्या कामात एक शांतपणा आहे. माताशिचीचे बगळे बघितले की मला दर वेळी वाटतं की पेन्सिल उचलायच्या आधी अजून थोडा वेळ बसायला पाहिजे होतं.

निपाणी_टूलरूम

भावा मी तीस वर्षं टूलरूमला होतो, आता रिटायर. खानापूरच्या काकांचा मान ठेवून सांगतो, लेझर चालेल, पण लेझरचा पार्ट तो संपलेला पार्ट नव्हे, तो ब्लँक आहे, म्हणजे पुढं काम करायचा कच्चा तुकडा. तू ऑक्सिजनवर कापलंस असं फोटोवरनं वाटतंय, भिंतीवर उभ्या रेघा आहेत आणि काळी साल आहे. ती ऑक्साइडची साल आणि तिच्याखालचा कडक झालेला थर, दोन्ही काढल्याशिवाय तुझी नवी कानस पण घसरेल आणि रंग पण धरणार नाही. कापताना चहूबाजूनं अर्धा मिमी जादा ठेव आणि तो अर्धा मिमी कानशीनं काढ. तिथंच सगळं काम आहे.

आता जवळनं बघ. लेझरची भिंत एकदम नव्वद अंशात उभी असती आणि वर खाली दोन्ही कडा धारदार. जुन्या कामात भिंत पण किंचित पोटाळलेली असती, वरच्या कडेची धार मोडलेली, पण गोल नाही केलेली. पानाचं टोक कडेला मिळतं तिथला कोपरा बघ, तिथं कानस आत जात नाही, तिथं छन्नीनं कापून मग बारीक त्रिकोणी कानशीनं एकच बाजू घासायची, दुसऱ्या बाजूला लागू द्यायची नाही. मी एका कोपऱ्याला पाऊण तास दिलाय. जुने लोक आधी भोकं पाडून, छन्नीनं जोडून, मग कानशीनं असंच करायचे, आणि एकदम बारीक रेघांसाठी तारेला घासायची पूड लावून कापायचे. चकतीचा पृष्ठभाग पण सपाट नसतो, कधी मधे जाड आणि कडेला पातळ, कधी उलट. अर्ध्या मिमीचाच फरक पण डोळ्याला लगेच कळतो.

पात्याचं भोक थोडं मोठं ठेव. त्यात वर खाली तांब्याचे तुकडे ठोकून पात्याला फिट करतात, सेकिगाने म्हणतात, आपण फट भरायला पातळ पत्र्याची शिम घालतो तसंच. तलवार बदलली की तांबं बदलायचं, लोखंडाला हात लावायचा नाही. फिटर माणसाला ही गोष्ट आवडावीच.

आता गंज. तुझ्या प्लेटवर मिलची निळसर काळी साल आहे, ती पहिली काढ, रात्रभर व्हिनेगरमधे ठेव, सकाळी ब्रशनं घासून धू, साबणानं तेल काढ, मग बोट लावू नको. मीठ अगदी चिमूटभर पाण्यात, फडक्यानं पातळ पुसायचं, बुडवायचं नाही, बुडवलं की खड्डे पडतात आणि भुकटी होते. प्लास्टिकच्या डब्यात तळाला ओलं फडकं, वर जाळीवर चकती, झाकण लाव. दहाबारा तासात बारीक लालसर थर येतो. मग साध्या पाण्यात वीस मिनिटं उकळ, लाल गंज काळा होतो डोळ्यादेखत. सुकल्यावर सुती फडक्यानं रगड, सुटं असेल ते निघून जाईल, बसलेलं राहील. परत मीठपाणी, परत डबा, परत उकळ. सहा-सात वेळा. शेवटी हिरडा कुटून काढा कर आणि त्यात उकळ. हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळं धरतं, कोल्हापुरी चपलेचं कातडं कमवायला तोच हिरडा वापरतात. जपानी लोक यासाठी चहात उकळतात. मग महिनाभर रोज हातात घेऊन फडक्यानं घासत राहा.

आणि कधी खरी जुनी त्सुबा हातात आली तर यातलं काहीच करू नको. ॲसिड नाही, पॉलिश पेपर नाही. लाल गंजाचा ठिपका असेल तर हाडाच्या तुकड्यानं हळू टोकरायचा, तिथले लोक हरणाचं शिंग वापरतात पण ते आपल्याकडं कायद्यानं ठेवता येत नाही, साधं हाड चालतं. १८७६ ला जपानमधे तलवार कमरेला लावायला बंदी आली तेव्हा असल्या हजारो वस्तू परदेशात गेल्या आणि लोकांनी चमकवायच्या नादात दोन-तीनशे वर्षांचा रंग एका दिवसात उतरवलाय, फार वाईट वाटतं बघून.

उद्यमबाग_फिटर

तिघांना मनापासून धन्यवाद. पाच आठवडे झाले, आता लिहितोय.

बाई, तुमचं ऐकून मुसाशीची दोन पोकळ्यांची केली. लेझरवर अर्धा मिमी ठेवून कापली आणि पुढचं सगळं कानशीनं, रोज ड्युटी सुटल्यावर दीड तास. पहिला आठवडा डाव्या पोकळीला गेला. उजवी डावीसारखी करायला गेलो तर कॅलिपरनं सारखी आली पण डोळ्याला डावी मोठी दिसायली, मग मोजायचं सोडून उजेडाकडं धरून बघत बघत घासली. आता कॅलिपर सांगतं की उजवी पाऊण मिमी रुंद आहे, पण बघताना सारखी वाटती. यावर मी दोन दिवस विचार करालोय.

टूलरूम दादा, गंज सात वेळा केला. चौथ्या उकळीला काळा धरायला लागला, हिरड्यानंतर पावसात भिजलेल्या काळ्या दगडासारखा रंग आला, आणि बोटाला काही लागत नाही. आईनं पातेलं मात्र परत घरात घेतलं नाही, ते आता माझंच.

पण काका, तुमचं म्हणणं आता कळालं. आतली भिंत जिवंत झाली, कड जिवंत झाली, वरचा सपाट भाग मात्र अजून मिलचाच आहे. तो घासून येणार नाही. मामाच्या गावाकडं गोठ्यात जुन्या गाडीची धाव सापडली, एक तुकडा तोडून बघितला, आत लाकडासारख्या रेषा आहेत. फोटो टाकलाय. तुमचा भाता चालू होत असेल तर एका रविवारी येऊ का? घण मी मारतो, तुम्ही नुसतं सांगा.

खानापूर_लोहारसाळ

फोटो बघितला. ते घडीव लोखंडच आहे, होय. भात्याचं कातडं वाळलंय, त्याला तेल लावून ठेवतो. या रविवारी नको, पुढच्या रविवारी ये, सकाळी सातच्या आत, ऊन चढल्यावर लोखंडाचा रंग नीट कळत नाही. कोळसा माझ्याकडं आहे. टाकणखार आण पावशेर, आणि सुती कपडे घालून ये. तुझी ती दोन पोकळ्यांची पण घेऊन ये, हातात घेऊन बघायची आहे.