एल लोआ प्रांताची लोकवस्ती

अटाकामा वाळवंटात वस्ती सगळीकडे सारखीच विरळ असेल, असं वाटू शकतं. चिलीच्या एल लोआ प्रांतात तसं नाही. क्षेत्रफळ सुमारे ४२ हजार चौ. किमी, म्हणजे केरळहून मोठं. २०१७च्या जनगणनेत लोकसंख्या १,७७,०४८. त्यातले १,६५,७३१ एकट्या कालामा तालुक्यात! बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ओयाग्वेत फक्त ३२१. (तिसरा तालुका सान पेद्रो दे अटाकामा.) कारण अर्थातच तांबं. चुकिकामाता या तांब्याच्या खाणीलगतची अख्खी वसाहत २००८पर्यंत कालामा शहरात हलवली गेली. तालुक्यांचे महापौर लोक निवडतात, प्रांताचा प्रमुख मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतात. लोआ नदीचं पाणी खाणी आणि शहरांकडे वळलं आणि चिऊ चिऊसारख्या नदीकाठच्या जुन्या गावांच्या शेतीवर त्याचा ताण पडला, हे मला फार खटकतं.